फुकट आलेला कुकर आणि त्याचा रिव्ह्यू : काय जाहीर करायचं, कुठे आणि किती वेळ

कुरिअरवाला बॉक्स देऊन जातो. आत तीन लिटरचा स्टीलचा कुकर, एक छापील चिठ्ठी आणि ‘आवडला तर आम्हाला टॅग करा’ अशी विनंती. पैसे कोणी दिलेले नाहीत, करार झालेला नाही, कुकर मागितलाही नव्हता. त्याबद्दल दोन वाक्यं लिहिली, तर तो फुकट आलाय हे सांगावं लागतं का?

लागतं. न मागता आलेल्या वस्तूलाही भारतातले नियम लागू होतात आणि बहुतेकांची चूक इथूनच सुरू होते. ‘मी एक रुपयाही घेतलेला नाही’ हे वाक्य खरं असलं तरी त्याने जबाबदारी संपत नाही. ‘माझं मत प्रामाणिक आहे’ यानेही नाही. मत पूर्णपणे तुमचं असलं आणि वस्तूवर टीका केलेली असली, तरी वस्तू कशी आली हे सांगायचं असतं. तुमच्या मताला किती वजन द्यायचं हे वाचणाऱ्याने ठरवायचं, आणि त्यासाठी ही माहिती त्याला मत वाचण्याआधी मिळायला हवी.

नियम कुणाचे

दोन वेगळ्या संस्था आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिली सरकारी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० मध्ये स्थापन झालं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं ९ जून २०२२ रोजी अधिसूचित झाली. वस्तूची भलामण करणारा आणि ती विकणारा यांच्यात भलामणीच्या विश्वासार्हतेवर परिणाम करील असा संबंध असेल, आणि तो प्रेक्षकाला आपसूक कळण्यासारखा नसेल, तर तो पूर्णपणे उघड करायचा, असं त्यात आहे. नंतर २० जानेवारी २०२३ रोजी ग्राहक व्यवहार विभागाने सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर यांच्यासाठी ‘एन्डॉर्समेंट नो-हाउज’ ही छोटी पुस्तिका काढली. रोजच्या कामाला खरी उपयोगी तीच आहे.

दुसरी संस्था म्हणजे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, जिला सगळे ‘ॲस्की’ म्हणतात. मुंबईची ही संस्था जाहिरात व्यवसायाने स्वतःसाठी १९८५ मध्ये उभी केली. ती सरकारी नाही. इन्फ्लुएन्सरसाठीचे तिचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. लेबल किती सेकंद दिसलं पाहिजे, पोस्टमध्ये कुठे असलं पाहिजे, इतका तपशील त्यांत आहे. म्हणून व्यवहारात दोन्ही एकत्र वाचायचे. जिथे एकाचा नियम दुसऱ्यापेक्षा कडक असेल तिथे कडक तो पाळायचा, म्हणजे डोक्याला ताप राहत नाही.

दंड सरकारी बाजूला आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत भलामण करणाऱ्याला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत, कुठल्याही वस्तूची भलामण करायला बंदी घालता येते. फॉलोअर पाच हजार आहेत की पाच लाख, याने नियम बदलत नाही.

कोणकोणत्या गोष्टी ‘मिळालं’ मध्ये येतात

पैसे आणि फुकट वस्तू हे उघड आहे. त्यापलीकडची यादी मोठी आहे : सवलतीत मिळालेली वस्तू, भेट, हॉटेलातला मुक्काम, सहल, वस्तूच्या बदल्यात प्रसिद्धी असा सौदा, स्पर्धेतला प्रवेश, पुरस्कार, आणि नातं. हे शेवटचं मराठी ब्लॉगवर हमखास सुटतं. वहिनीचा मसाल्यांचा व्यवसाय आहे आणि तुम्ही तिच्या गोडा मसाल्याचं कौतुक केलंत, तर मसाला विकत घेतलेला असला तरी नातं सांगायला हवं. मित्राचं दापोलीजवळ होमस्टे आहे आणि दोन रात्रींचं बिल त्याने घेतलं नाही, तर तेही. नोकरी करत असलेल्या कंपनीच्या वस्तूचं तर आधी.

पुस्तकांचं काय? प्रकाशकाने ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का मारून पाठवलेली प्रत ही फुकट वस्तूच. मराठी नियतकालिकांत ‘साभार पोच’ हे सदर कितीतरी जुनं आहे. पुस्तक प्रकाशकाकडून आलं हे त्यातून वाचकाला कळायचं. ऑनलाइन परीक्षणात तेवढंच एका वाक्यात परीक्षणाच्या डोक्यावर लिहावं.

स्वतःच्या पैशाने पूर्ण किमतीला घेतलेली वस्तू, आणि कंपनीशी कुठलाही संबंध नाही, तर काही जाहीर करायचं नाही. मात्र तिच्याखाली कमिशन देणारा अफिलिएट दुवा टाकलात की संबंध तयार झाला. ‘विकत घेतली आहे’ आणि ‘दुव्यावरून घेतल्यास मला कमिशन मिळतं’ ही दोन्ही वाक्यं मग एकत्र येतात.

वापरून परत पाठवायची वस्तू, उदाहरणार्थ महागडा कॅमेरा दहा दिवसांसाठी, हीसुद्धा जाहीर करा. ‘कंपनीने वापरायला दिला होता, परत केला’ एवढं पुरतं.

वस्तू स्वीकारण्याआधी

बॉक्स दारात येण्यापूर्वी एक ईमेल झाला असेल तर नंतरची निम्मी कटकट टळते. पीआर एजन्सीची, म्हणजे कंपनीची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या संस्थेची, मुलं-मुली व्हॉट्सॲपवर बोलतात. बोलू द्यावं, पण अटी ईमेलवरच पाठवाव्यात. मजकूर साधारण असा :

‘नमस्कार. नमुना पाठवायला हरकत नाही. वस्तू आपल्याकडून मोफत आली आहे हे लेखाच्या आणि व्हिडिओच्या सुरुवातीला स्पष्ट लिहिलं जाईल. मत अनुकूल असेल याची हमी नाही आणि लेख येईलच याचीही नाही. प्रकाशनाआधी आम्ही फक्त किंमत, मापं आणि वॉरंटी एवढा तपशील तपासायला पाठवू. मतं पाठवणार नाही. पाकिटावर किंवा वेबसाइटवर केलेल्या दाव्यांचे पुरावे कृपया सोबत पाठवावेत. वस्तू ठेवायची आहे की परत करायची, आणि तिची करासाठी धरायची किंमत किती, हेही कळवावं.’

उत्तरात ‘लेबल नको, ऑर्गॅनिक दिसलं पाहिजे’ असं आलं, तर तिथेच नाही म्हणा. ‘ऑर्गॅनिक’चा त्या वाक्यातला अर्थ ‘वाचकाला कळू देऊ नका’ एवढाच असतो. संबंध जाहीर करून घेण्याची जबाबदारी कंपनीवरही आहे, त्यामुळे ही मागणी करणारी एजन्सी आपल्याच अशिलाला खड्ड्यात घालत असते. तो ईमेल मात्र जपून ठेवा.

दाव्यांची खातरजमा

हा भाग लोक सोडून देतात, कारण लेबल लावलं की सुटलो असं वाटतं. वास्तविक कायद्यात भलामण करणाऱ्याला संरक्षण आहे ते खातरजमेचं : जाहिरातीतले दावे खरे आहेत का हे तुम्ही पुरेशी काळजी घेऊन तपासलं असेल, तर दंडातून सुटका आहे. आणि वस्तू प्रत्यक्ष वापरलेली असली पाहिजे. बॉक्स उघडण्याचा व्हिडिओ म्हणजे वापर नव्हे.

कुकरचंच घेऊ. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर आयएस २३४७ हा मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, भांड्यावर कोरलेलं किंवा छापलेलं हे चिन्ह भिंगातून बघायची वेळ येऊ नये. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो परवाना क्रमांक टाकला, की कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसतं. बॉक्सवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळत नसेल, तर रिव्ह्यू तिथेच थांबवा आणि कंपनीला विचारा. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. याला तीन मिनिटं लागतात.

मग वापर. किमान दोन आठवडे, आठवड्यातून चार-पाच वेळा. एक वाटी तूरडाळ, तेवढाच तांदूळ, एकदा भिजवलेले राजमे किंवा छोले. किती पाणी, किती शिट्ट्या, मोठी आच की मध्यम, पहिली शिट्टी किती मिनिटांनी आली, हे कागदावर लिहीत जा. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरत नाहीत आणि फेसाळणाऱ्या डाळीला अर्ध्यावरच थांबतात. हे न पाळता ‘शिट्टीतून डाळ उडते’ असं लिहिलंत, तर चूक कुकरची नव्हे, तुमची. दोन आठवड्यांनी रबराची रिंग सैल पडली का, झाकणाचं हँडल हलतं का, इंडक्शनवर बूड पूर्ण टेकतं का, हे बघा. ‘गॅस ३० टक्के वाचतो’ हा दावा पाकिटावर असेल आणि पुरावा आलेला नसेल, तर तो आकडा रिव्ह्यूत उचलू नका. ‘कंपनीचा दावा आहे, आम्हाला पुरावा मिळाला नाही’ असं लिहा किंवा तो वगळा. कंपनीचं वाक्य तुमच्या तोंडून आलं, की ते तुमचं वाक्य होतं.

बाकी वस्तूंनाही असेच क्रमांक असतात. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक. चार्जर, पॉवर बँक अशा अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, जो त्याच बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. फेस क्रीमच्या व्हिडिओत त्वचा गोरी-गुळगुळीत दाखवणारा फिल्टर लावू नका. ज्या परिणामाचा दावा आहे तो फिल्टरने वाढवून दाखवायला ॲस्कीने स्पष्ट मनाई केली आहे.

शब्द कोणते

इंग्रजीत ‘ॲडव्हर्टाइझमेंट’, ‘ॲड’, ‘स्पॉन्सर्ड’, ‘कोलॅबोरेशन’, ‘पार्टनरशिप’ हे शब्द मान्य आहेत. ॲस्कीच्या यादीत ‘फ्री गिफ्ट’ही आहे. पण सरकारी पुस्तिकेनुसार खुलासा भलामण ज्या भाषेत आहे त्याच भाषेत असावा. सबंध रिव्ह्यू मराठीत आणि कोपऱ्यात रोमन लिपीत ‘पेड पार्टनरशिप’ हे त्यात बसत नाही. व्हिडिओ बघणाऱ्या आईला किंवा आजीला तो शब्द लागलाच नाही, तर खुलासा कुणासाठी केला?

मराठीत सगळ्यात निर्विवाद शब्द ‘जाहिरात’. तो लिहायला लोक कचरतात, कारण त्याने लेख हलका दिसेल असं वाटतं. म्हणून मग ‘सहयोग’, ‘संयुक्त विद्यमाने’, ‘कोलॅब’ अशी धूसर शब्दयोजना येते. ‘सहयोगा’तून कुकर फुकट आला हे कुणालाही कळत नाही. ‘प्रायोजित’ चालतो, पण तो पैसे मिळाले तिथे शोभतो. नुसती वस्तू मिळाली असेल तर लेबल ‘जाहिरात’ आणि पुढे साधं वाक्य, ही जोडी सगळ्यात सोपी. लेखासाठी :

‘जाहिरात : हा ३ लिटरचा कुकर कंपनीने आम्हाला मोफत पाठवला आहे आणि तो परत करायचा नाही. याशिवाय मोबदला घेतलेला नाही. मजकूर कंपनीला आधी दाखवलेला नाही.’

व्हिडिओत बोलताना : ‘आधीच सांगते, हा कुकर कंपनीने मला फुकट पाठवलाय, तेव्हा ही जाहिरात आहे असं धरून बघा.’

सवलतीचं असेल तर आकडा सांगा : ‘२,८०० रुपयांचा कुकर मला १,००० रुपयांत मिळाला.’ ‘खास किमतीत’ म्हणजे काहीच सांगितलं नाही.

न चालणारे नमुने ओळखीचे आहेत. ‘अमुक कंपनीचे मनःपूर्वक आभार’ : आभार कशाचे, ते कळत नाही. वीस हॅशटॅगांच्या शेपटीत अकरावा #जाहिरात : हॅशटॅगांच्या गर्दीत लेबल मिसळू नये असं नियमातच आहे. प्रोफाइलमध्ये किंवा ‘आमच्याविषयी’ या पानावर ‘काही वस्तू मोफत मिळतात’ असं एकदाच लिहिणं : सरसकट खुलासा धरला जात नाही, प्रत्येक पोस्टमध्ये वेगळा लागतो. आणि ‘हा पेड रिव्ह्यू नाही’ हे फुकट वस्तूच्या रिव्ह्यूवर लिहिलेलं वाक्य तर उलट अंगाशी येईल.

ब्लॉगवर लेबल कुठे

शीर्षकाखाली, पहिल्या परिच्छेदाच्या आधी, मजकुराच्याच अक्षरांच्या आकारात. लेखाच्या तळाला, फूटरमध्ये किंवा साइडबारमध्ये नको. मोबाइलवर साइडबार घसरून सगळ्यात खाली जातो आणि ब्लॉग वाचले जातात ते मोबाइलवरच.

एक तांत्रिक फटका इथे हमखास बसतो. काही जण थीममध्ये, म्हणजे ब्लॉगच्या ठरावीक मांडणीत, किंवा विजेटमध्ये लेबल बसवतात, म्हणजे ‘रिव्ह्यू’ या वर्गातल्या प्रत्येक लेखावर ते आपोआप दिसावं. कल्पना चांगली, पण फीड रीडरमध्ये (ब्लॉगांचे नवे लेख एकत्र दाखवणारं ॲप) आणि ईमेलने जाणाऱ्या प्रतीत थीम जात नाही, फक्त मजकूर जातो. तिथे लेख लेबलाविना पोचतो. तोच प्रकार लेबल चित्रावर लिहिलं तर होतो. म्हणून लेबल लेखाच्या मजकुरातच टाइप करा. फेसबुकवर दुवा टाकताना वर जी ओळ लिहिता तिची सुरुवातही ‘जाहिरात :’नेच व्हावी, कारण तिथली पोस्ट ही वेगळी पोस्ट आहे.

दुव्यांचं वेगळं बघावं लागतं. मोफत वस्तूंचे रिव्ह्यू लिहिणाऱ्या ब्लॉगरांना उद्देशून गूगलने मार्च २०१६ मध्येच सूचना काढल्या होत्या : कंपनीच्या साइटकडे जाणाऱ्या दुव्याला ‘नोफॉलो’ (शोध-क्रमवारीत हा दुवा मोजू नका अशी खूण) लावा, संबंध जाहीर करा, आणि स्वतःचं काही नवं लिहा. सप्टेंबर २०१९ पासून त्यासाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही खास खूण आहे. दुव्याच्या एचटीएमएलमध्ये ‘रेल’ (rel) या गुणधर्माची किंमत म्हणून ती लिहायची. ब्लॉगरमध्ये दुवा टाकताना नोफॉलोचा चौकोन दिसतो, तेवढ्यावर भागतं. वर्डप्रेसमध्ये दुव्याचा ब्लॉक एचटीएमएल म्हणून उघडून ती खूण हाताने घालता येते. कंपनीचं मुख्य पान, उत्पादनाचं पान, तिचं इन्स्टाग्राम, ॲप स्टोअर, सगळे दुवे यात धरा. एजन्सीने ‘डू-फॉलो दुवा हवा’, म्हणजे ही खूण नसलेला, असं म्हटलं, तर तिला रिव्ह्यू नको आहे, शोध-क्रमवारी विकत हवी आहे. त्यावरून गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकाला सूचना मिळतात ते पान) ‘मॅन्युअल ॲक्शन’, म्हणजे गूगलची शिक्षा, आली, तर नुकसान तुमच्या साइटचं होतं.

इन्स्टाग्राम, रील, यूट्यूब

कॅप्शनचा पहिलाच शब्द ‘जाहिरात’. ॲस्की पहिल्या दोन ओळींत म्हणते, पण रीलखाली दिसते ती जेमतेम ओळभर, बाकी ‘आणखी’खाली दडतं. आणि जिथे कॅप्शन न वाचता फक्त चित्र दिसतं तिथे लेबल चित्रावरच हवं. स्टोरी हे त्याचं उदाहरण. पाच स्टोऱ्या असतील तर पाचही स्टोऱ्यांवर, कारण बघणारा तिसऱ्या स्टोरीवर येऊन चौथीला निघून जाऊ शकतो.

रीलवर लेबल किती वेळ, याचं ॲस्कीचं गणित असं : १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान ३ सेकंद, १५ सेकंदांच्या वर आणि दोन मिनिटांच्या आत असेल तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश, दोन मिनिटं किंवा अधिक असेल तर ज्या ज्या भागात ब्रँडबद्दल किंवा वस्तूच्या गुणांबद्दल बोलता तो पूर्ण भाग. म्हणजे १२ सेकंदांच्या रीलला ३, ४५ सेकंदांच्या रीलला १५, दीड मिनिटाच्या रीलला ३० सेकंद. आणि सात मिनिटांच्या यूट्यूब व्हिडिओत कुकरची गोष्ट १ मिनिट १० सेकंदांपासून ५ मिनिटं ४० सेकंदांपर्यंत चालली, तर ते साडेचार मिनिटं लेबल पडद्यावर सलग. एडिटिंगच्या वेळी आधी लेबलचा थर टाकून मगच बाकीचे कट मारले तर हे सोपं जातं. शेवटी टाकायचं ठरवलं की प्रत्येक कटला ते निसटतं.

जागेची चूक फार होते. रीलच्या तळाला कॅप्शन आणि खात्याचं नाव येतं, उजव्या कडेला बदाम-कॉमेंट-शेअरची बटणं. लेबल तळाला ठेवलं तर ते नेमकं त्यांच्याखाली जातं. वरच्या एक तृतीयांश भागात ठेवा, आणि प्रोफाइलच्या जाळीत रीलचं कव्हर वर-खाली कापलं जातं हे धरून अगदी कडेला नको. स्टीलच्या कुकरवर पांढरी अक्षरं दिसत नाहीत. अक्षरांमागे गडद पट्टी टाका. फोन हाताच्या अंतरावर धरून आवाज बंद करून एकदा बघा. तुम्हाला लेबल शोधावं लागलं, तर ते अक्षर लहान आहे.

उलटही बघा, आवाज चालू आणि पडद्याकडे पाठ. सरकारी पुस्तिकेत व्हिडिओसाठी खुलासा दृश्य आणि ध्वनी दोन्हींत मागितला आहे, नुसत्या डिस्क्रिप्शनमध्ये चालत नाही. पोळ्या लाटता लाटता व्हिडिओ ऐकणाऱ्या माणसाला ते बोललेलं वाक्यच मिळणार आहे.

प्लॅटफॉर्मची स्वतःची लेबलं लावाच, पण त्यांच्यावर विसंबू नका. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या तपशिलात ‘आणखी दाखवा’ उघडलं की पेड प्रमोशनचा चौकोन मिळतो. त्यावर टिक केलं की व्हिडिओच्या सुरुवातीला एक पट्टी दिसते, साधारण दहा सेकंद. सात मिनिटांच्या व्हिडिओत साडेचार मिनिटं हवी असताना दहा सेकंदांनी काय होणार? इन्स्टाग्रामवर ‘पेड पार्टनरशिप’चं लेबल पोस्ट करण्यापूर्वीच्या सेटिंगमध्ये असतं आणि त्यात कंपनीचं खातं जोडता येतं. दोन खात्यांची एकत्र पोस्ट टाकायची ‘कोलॅब’ सोय मात्र निराळी. तिच्यात दोन नावं दिसतात, मोबदल्याचा पत्ता लागत नाही.

लाइव्हमध्ये सरकारी पुस्तिकेप्रमाणे लेबल पूर्ण वेळ ठळक दिसत राहिलं पाहिजे. ॲस्की सुरुवातीला आणि शेवटी बोलून सांगायला लावते. फोनवरून लाइव्ह करताना पडद्यावर अक्षरं टाकता येत नसतील, तर जाड मार्करने ‘जाहिरात : कुकर मोफत मिळाला’ असा पुठ्ठा लिहून ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवा. फोनचा पुढचा कॅमेरा अक्षरं उलटी दाखवत नाही ना, हे आधी तपासा. लाइव्ह संपल्यावर व्हिडिओ तसाच राहणार असेल तर कॅप्शनमध्येही लेबल घाला. पॉडकास्टमध्ये सुरुवातीला, शेवटी, आणि मध्ये प्रत्येक ब्रेकच्या आधी व नंतर.

व्हॉट्सॲप चॅनेलवर रीलचा व्हिडिओ टाकला, तर इन्स्टाग्रामवरची कॅप्शन सोबत जात नाही. म्हणून व्हिडिओच्या चित्रातच कायमचं बसवलेलं लेबल हेच शेवटपर्यंत टिकतं.

जिथे लेबल लावूनही भागत नाही

‘शुगर मुळापासून जाते’ असं सांगणारा काढा फुकट आला, तर लेबल लावून तो सुरक्षित होत नाही. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या यादीत मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, लठ्ठपणा आहेत आणि ते बरे करण्याच्या दाव्याची जाहिरातच निषिद्ध आहे. ई-सिगारेटच्या जाहिरातीवर २०१९ च्या कायद्याने आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे. अशा बॉक्सला परतीचा पत्ता लावायचा.

आरोग्याबद्दल बोलणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये जादा सूचना आल्या. डॉक्टर किंवा प्रमाणपत्रधारक तज्ज्ञ असाल तर ती पात्रता सांगायची. नसाल आणि तज्ज्ञासारखं बोलत असाल, तर हा वैद्यकीय सल्ला नाही हे स्पष्ट करायचं. ‘मला फरक पडला’ म्हणणं आणि ‘तुम्हाला फरक पडेल’ म्हणणं यांतलं अंतर प्रोटीन पावडरीच्या रिव्ह्यूत फार पटकन मिटतं.

कर

फुकट वस्तू हे व्यवसायाचं उत्पन्न असू शकतं, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. १ जुलै २०२२ पासून आयकर कायदा, १९६१ च्या कलम १९४-आरने अशा लाभावर १० टक्के टीडीएस (देणाऱ्यानेच आधी कापायचा कर) आणला. एकाच कंपनीकडून एका आर्थिक वर्षात २० हजार रुपयांपेक्षा जास्त मूल्याच्या वस्तू मिळाल्या की तो लागतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने कलमाचा क्रमांक बदलतो. कंपनीचं पत्र आलं तर नव्या क्रमांकाने गोंधळू नका.

उदाहरण : जुलैमध्ये १८,००० रुपयांचा टॅब आला, टीडीएस नाही. जानेवारीत त्याच कंपनीचे ६,००० रुपयांचे इयरफोन आले. बेरीज २४,००० झाली, मर्यादा ओलांडली, आणि कर पूर्ण २४,००० वर म्हणजे २,४०० रुपये. वस्तूतून कर कापता येत नाही, म्हणून कंपनी एकतर तुम्हाला तेवढा आगाऊ कर भरून चलन दाखवायला सांगते किंवा स्वतः भरते. कोण भरणार हे त्या सुरुवातीच्या ईमेलमध्ये ठरलेलं असावं. मूल्यात जीएसटी धरत नाहीत.

प्रत्यक्ष कर मंडळाच्या जून २०२२ च्या परिपत्रकात इन्फ्लुएन्सरचा उल्लेख आहे : वापरून वस्तू कंपनीला परत केली तर तो लाभ नाही, ठेवून घेतली तर आहे. म्हणून परत केलेल्या वस्तूची कुरिअर पावती फाइलमध्ये हवी. आणि २० हजारांच्या आत टीडीएस नाही याचा अर्थ उत्पन्न नाही असा नव्हे. रिटर्न भरताना सीएला ही यादी द्या.

परदेशातले वाचक-प्रेक्षक

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसून मराठी चॅनेल चालवत असाल आणि तिथल्या ग्राहकांसाठी तिथल्या वस्तूंबद्दल बोलत असाल, तर तिथले नियमही सांभाळावे लागतात. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने आपली मार्गदर्शिका २०२३ मध्ये सुधारली. तिचा भर खुलासा ‘चुकणं कठीण’ असण्यावर आहे आणि प्लॅटफॉर्मचं लेबल पुरेसं ठरेलच असं ती मानत नाही. ब्रिटनमध्ये जाहिरात नियामकांना सुरुवातीलाच ‘ॲड’ हा शब्द हवा असतो. नुसतं ‘गिफ्टेड’ ते अपुरं मानतात.

नोंद आणि जुन्या पोस्ट

एक साधं स्प्रेडशीट : तारीख, कंपनी, वस्तू, किंमत, न मागता आली की मागून, ठेवली की परत, ईमेलचा विषय, तपासलेला परवाना क्रमांक, पोस्टचे सगळे दुवे, लेबल लावल्याचा स्क्रीनशॉट. स्टोरी चोवीस तासांत जाते, तिचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्यावा लागतो. तक्रार सहा महिन्यांनी आली तर दाखवायला हेच असतं.

जुन्या लेखांतून सुरुवात करायची तर वाचन जास्त असलेले पहिले दहा घ्या. लेखात वर लेबल घालायचं आणि तळाला ‘खुलासा अमुक तारखेला जोडला’ असं लिहायचं. कॅप्शन बदलता येतं, पण अपलोड केलेल्या रीलच्या चित्रात नंतर लेबल बसवता येत नाही. ती काढून नव्याने टाकावी लागते आणि जुने व्ह्यू जातात. यूट्यूबवर पेड प्रमोशनच्या चौकोनावर मागाहून टिक करता येतं, डिस्क्रिप्शनची पहिली ओळ आणि शीर्षक बदलता येतं, पिन केलेली कॉमेंट घालता येते. व्हिडिओतली ती साडेचार मिनिटं मात्र तशीच राहतात. त्यामुळे अजून शोधात वर येणारा आणि कुकर विकणारा व्हिडिओ असेल, तर तो पुन्हा एडिट करून चढवण्याचे कष्ट घ्यावेत. दोन वर्षांपूर्वी बंद झालेल्या मॉडेलचा असेल, तर सरळ ‘प्रायव्हेट’ करून टाकावा.